दुभंगलेली मिरवणूक

इसवी सनपूर्व पाचव्या शतकात अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावर शिल्पकारांनी सुमारे १६० मीटर लांबीची संगमरवरी मिरवणूक कोरली. देवांबरोबर तीत घोडेस्वार व घागरी वाहणारे तरुणही आहेत. लॉर्ड एल्गिनने नेलेला तिचा जवळजवळ निम्मा भाग ब्रिटिश सरकारने १८१६ मध्ये, इतर शिल्पांसह, ३५,००० पौंडांना विकत घेतला. अथेन्सच्या संग्रहालयात त्या जागी प्लॅस्टरच्या प्रतिकृती आहेत. ब्रिटिश म्युझियममध्ये प्रवेश मोफत आहे, असे समर्थन केले जाते. परंतु अथेन्सच्या कामगाराला लंडनचा प्रवास मोफत नसतो! १९८२ मध्ये ग्रीसच्या समाजवादी मंत्री मेलिना मर्कुरी यांनी युनेस्कोच्या मेक्सिको परिषदेत ही शिल्पे परत मागितली. लंडनला जाणाऱ्या रसिकाने त्यांच्यापुढे जरूर नतमस्तक व्हावे. मात्र ही मिरवणूक स्वगृही परतावी, असेही निर्भयपणे म्हणावे.