डंबा, दवाखाना आणि आपण

(संस्थेच्या बुद्ध जयंती कार्यक्रमात केलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बाबासाहेबांना वंदन करून मी आदिवासींच्या आरोग्याविषयी दोन शब्द बोलणार आहे.

आपल्या अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि चिखलदरा हे तालुके म्हणजे मेळघाट. वस्ती मुख्यतः कोरकूंची. १९९३ साली तेथील बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. तान्ह्या बाळाचे पोट फुगले की तापलेल्या विळ्याने पोटावर चटके द्यायचे, या प्रथेला तेथे डंबा म्हणतात. हे चटके घातकच. कोवळी कातडी चिघळते आणि मूळ आजार आत तसाच राहतो.

बँकेच्या बदलीमुळे मी काही वर्षे धारणीला होतो. एकदा काउंटरवर आलेल्या बाईच्या कडेवरील बाळाच्या पोटावर मी असे डाग पाहिले आणि सर्वांसमक्ष तिला अडाणी म्हणालो. तिने शांतपणे मोडक्या हिंदीत सांगितले : रात्र होती, नाल्याला पूर होता, दवाखाना पलीकडे. भूमका मात्र शेजारीच राहतो. तो लगेच आला आणि रात्रभर बसून राहिला. मी निरुत्तर झालो. ते बाळ पुढे जगले की नाही, हे मी विचारले नाही. ती खंत आजही आहे.

बंधूंनो, अंधश्रद्धा नाकारावीच. पण जेथे डॉक्टर पोहोचत नाही, तेथे ती जागा भूमका भरून काढतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून काम केले. तेथील रुग्णालय त्यांनी गोंडांना विचारून झोपड्यांच्या धर्तीवर बांधले आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले. गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली जगापुढे आले. त्यासाठी कोणाला अडाणी म्हणावे लागले नाही.

अतिसाराने घाणीत पडलेल्या, कोणीही न विचारलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले होते. आधी सेवा, मग उपदेश.

म्हणून माझी एक विनंती आहे. मेळघाटातून रेफर केलेल्या माता येथील सरकारी दवाखान्याच्या वऱ्हांड्यात बसलेल्या दिसतात. भाषा कळत नाही, केसपेपर कोठे काढायचा ठाऊक नसते, सोबत्याच्या जेवणाची सोय नसते. कंटाळून काही जणी उपचार अर्धवट टाकून परततात. संस्थेच्या दोघा सभासदांनी पाळीपाळीने रोज तेथे दोन तास द्यावेत. एक डबा न्यावा. पहिला आठवडा मी घेतो.

नमो बुद्धाय! जय भीम!