घराचा पाळक कोण?

   

अध्यक्षपदावरून बोलणाऱ्यानं मराठी ख्रिस्ती साहित्याचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. मीही तो लिहायला घेतला होता. फादर स्टीफन्सचं 1616 सालचं ‘ख्रिस्तपुराण’, अहमदनगरात 1842 मध्ये सुरू झालेला ‘ज्ञानोदय’, बाबा पदमनजींचं 1857 चं ‘यमुनापर्यटन’, रेव्हरंड टिळकांची भजनं, पंडिता रमाबाईंचं बायबल, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’, अशी यादी तयार झाली. या यादीचा अभिमान कोणाला वाटणार नाही? पण ती करताना एक प्रश्न सारखा आडवा येत राहिला. पाळकीय सेवेत आयुष्य गेलं, तेवढा काळ तो मनात आहे. आज हे व्यासपीठ मिळालं आहे, तर आढावा बाजूला ठेवून मी त्या प्रश्नाबद्दलच बोलणार आहे.

प्रश्न असा : ख्रिस्ती घराचा पाळक कोण? घराचं आध्यात्मिक नेतृत्व कोणी करायचं, आणि कसं?

आपल्या मंडळ्यांत याचं उत्तर तयार असतं. पती मस्तक आहे, म्हणून नेतृत्व त्याचं. पत्नीनं अधीन राहावं. लग्नाच्या उपासनेत हेच सांगितलं जातं, कन्व्हेन्शनच्या मंडपात हेच सांगितलं जातं, आणि परदेशी पुस्तिकांची घाईघाईनं केलेली भाषांतरं पुस्तकांच्या टेबलावर असतात, त्यांतही हेच असतं. सांगणारे इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडतात. माझी तक्रार त्यांनी तो उघडला याबद्दल नाही. ते तो लवकर मिटतात, ही माझी तक्रार आहे.

हा अध्याय नीट वाचा. एकविसावं वचन सर्व विश्वासणाऱ्यांसाठी आहे. ख्रिस्ताचं भय बाळगून एकमेकांच्या अधीन असा, असा त्याचा आशय आहे. त्यानंतर पत्नींसाठी तीन वचनं येतात, आणि पुढची जवळजवळ सगळी पतींसाठी. ख्रिस्तानं मंडळीवर जशी प्रीती केली आणि तिच्यासाठी स्वतःला दिलं, तशी प्रीती पतीनं करायची आहे. पौल पतीला मस्तक म्हणतो आणि लगेच त्याच्यासमोर वधस्तंभ उभा करतो. त्या मस्तकावर काट्यांचा मुगूट आहे. हुकमत कुठे आहे त्यात? पुरुषानं स्त्रीवर सत्ता चालवावी हे वाक्य पवित्र शास्त्रात आहे, पण ते उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आहे, पापात पडल्याच्या परिणामांमध्ये. जे शापातून वाट्याला आलं, तेच ख्रिस्ती कुटुंबाचा आदर्श म्हणून आपण नवरानवरीच्या हाती देतो आहोत. मग तारण झालं ते कशापासून?

एका गावी मंडळीच्या पंचांसमोर एक तंटा आला होता. बाईच्या दंडावर वळ होते. पंचांपैकी एक वडील उठले, बाविसावं वचन वाचलं आणि म्हणाले, “बाई, शास्त्र स्पष्ट आहे. घरी जा.” मी त्यांना पुढे वाचायला सांगितलं. ते म्हणाले, वेळ झाली आहे. मी म्हटलं, वेळ झाली असेल तर बाविसावंही वाचायला नको होतं. मग पंचविसाव्यापासून तेहतिसाव्यापर्यंत मीच मोठ्यानं वाचलं. तिचा नवरा लहानपणापासून उपासनेला येणारा होता. हा भाग आपल्यालाच उद्देशून आहे, हे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं त्या दिवशी पश्चात्ताप केला, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं घडलं नाही. ती माहेरी गेली, नर्सिंग शिकली, स्वतःच्या पगारावर मुलं वाढवली, आणि मंडळी मात्र कितीतरी वर्षं तिच्याबद्दल कुजबुजत राहिली. कृपा म्हणजे निमूट सोसणं, असं ज्यांना वाटतं त्यांना मी त्या बाईची आठवण देतो. क्षमा करणं वेगळं आणि मार खायला परत जाणं वेगळं. मारणाऱ्याच्या हाती वचन देणारा उपदेशक त्या माराचा वाटेकरी असतो. हे मी कडक शब्दांत बोलतो आहे, आणि बोलणार.

आपला समाज या बाबतीत कायद्याच्याही मागेच राहिला. ख्रिस्ती विवाहाला लागू असलेल्या 1869 च्या घटस्फोटाच्या कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार दाखवणं पुरेसं होतं. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता, परित्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. ही विषमता संसदेनं 2001 मध्ये काढली. एकशे बत्तीस वर्षं! इतक्या काळात आपल्या किती व्यासपीठांवरून तिच्याविरुद्ध आवाज उठला? घटस्फोट सोपा व्हावा, असं माझं म्हणणं नाही. विवाह पवित्र आहे, असं मी मानतो. पण पावित्र्याचा सगळा भार एकाच खांद्यावर टाकला, की त्याला पावित्र्य म्हणता येत नाही.

माझे काही मित्र म्हणतात, नेतृत्व कुणाचं तरी असावंच लागतं. दोन पुढारी असले की घर चालत नाही. त्यांना मी पवित्र शास्त्रातल्या घरांमध्ये घेऊन जातो. देवदूताला पाहिलं म्हणून मानोहा घाबरला आणि आता आपण मरणार म्हणाला. तेव्हा विश्वासानं विचार केला तो त्याच्या बायकोनं. देवाला आपल्याला मारायचं असतं तर त्यानं आपलं अर्पण स्वीकारलं नसतं, हा तिचा युक्तिवाद शास्त्यांच्या तेराव्या अध्यायात आहे. अपुल्लोसारख्या विद्वानाला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला तो प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्यानं, आपल्या घरी. आणि अनेकदा प्रिस्किल्लेचं नाव नवऱ्याच्या आधी येतं. तीमथ्याचा विश्वास पौलाला आधी आढळला तो त्याच्या आजीत, लोईसमध्ये, आणि आईत, युनीकेमध्ये.

हे फक्त जुन्या काळचं नाही. माझ्या सेवेतली गावं मला आठवतात. पुरुष ऊसतोडीला, नाहीतर मुंबईच्या गिरण्यांत. घरी राहिलेल्या आजीला अक्षर येत नव्हतं, पण अख्खं स्तोत्र पाठ होतं. नातवंडांना प्रभूची प्रार्थना तिनं शिकवली, शब्बाथशाळेला तिनं पाठवलं, दुष्काळातही पिठाची मूठ देवासाठी तिनं बाजूला काढली. त्या घरांचा पाळक कोण होता, हे मला कोणी शिकवू नये. मी तो डोळ्यांनी पाहिला आहे.

आता आपल्याच साहित्याकडे येतो. आपल्याकडे विवाहाबद्दलचं थोर ख्रिस्ती पुस्तक आहे, आणि आपण ते तसं वाचतच नाही. मी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’बद्दल बोलतो आहे. अवघा महाराष्ट्र त्यातल्या विनोदावर आणि प्रांजळपणावर लुब्ध आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्याचे चार भाग 1934 पासून प्रसिद्ध झाले, आणि आजवर आपल्या किती धर्मशिक्षण संस्थांमध्ये ते विवाहाच्या ख्रिस्ती शिकवणीचा ग्रंथ म्हणून लावले गेले? त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पुढची वर्षं विरहाची आणि अपमानाची. अखेर त्या पतीकडे आल्या, तेव्हाही स्वतःचं सोवळं घेऊनच आल्या, आणि टिळकांनी ते त्यांना सांभाळू दिलं. मस्तकपणाचा हुकूम त्यांनी वापरला नाही. जातिभेद देवानं केला की माणसानं, या प्रश्नाशी लक्ष्मीबाई स्वतः झुंजल्या, उत्तर त्यांनी स्वतः शोधलं, आणि 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांचा तापट स्वभाव, उधळ्या हात, अचानक घर सोडून जाणं, यांतलं काही त्या लपवत नाहीत. तरी पानोपानी त्या माणसावरची माया ओसंडते. दोष पाहायचे, नावानिशी सांगायचे, आणि तरी माणूस सोडायचा नाही. कृपेखालचा संसार याहून वेगळा कसा दिसतो? टिळक ‘ख्रिस्तायन’ अपुरं ठेवून 1919 मध्ये गेले. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. नवऱ्यानंच अक्षरओळख करून दिलेली बाई नवऱ्याचं महाकाव्य पुढे नेते. एकमेकांच्या अधीन असणं म्हणजे काय, याचं भाष्य मला तरी याहून मोठं ठाऊक नाही.

आणि पंडिता रमाबाई? लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, 1882 मध्ये, त्यांचे पती बिपिनबिहारी मेधावी वारले. पदरी लहानगी मनोरमा. 1889 मध्ये शारदा सदन, पुढे केडगावचं मुक्ती मिशन, हजारो निराधार स्त्रिया-मुलींचा संसार, आणि अखेरच्या श्वासापर्यंत बायबलचं भाषांतर, ज्याची छपाई मुक्तीतल्या बायकांनीच केली. या घराचं मस्तक कोण होतं? ख्रिस्त होता. नवऱ्याशिवाय स्त्रीचं आध्यात्मिक जीवन अपुरं असतं, असा उपदेश करणाऱ्यानं आधी केडगावला जाऊन यावं.

अलीकडे आणखी एक वाद ऐकू येतो. कृपेवर फार भर दिला तर माणसं शिथिल होतात, घराला नियम हवेत, शिस्त हवी, असं काही सहकारी म्हणतात. त्यांच्यासाठी एक हकिकत. साखर कारखान्यात काम करणारा एक गृहस्थ दरवर्षी 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत दारू सोडण्याची शपथ घ्यायचा. मंडळी आमेन म्हणायची. संक्रांतीच्या आत शपथ मोडायची. मग तो लपून प्यायचा, आणि घरात आवाज चढवून बोलायचा, कारण आपलं अपयश झाकायला त्याला ‘मस्तकपणा’ हवा असायचा. एका वर्षी मी त्याला शपथ घेऊ दिली नाही. म्हटलं, शपथ नको, खरं बोल. प्यालास तर त्या रात्री बायकोला सांग, प्यालो. बायकोनं पगार आपल्या हाती घेतला. तिनं त्याला झाकलंही नाही आणि हाकलूनही दिलं नाही. तो सांगत गेला, आणि सांगायच्या रात्री हळूहळू कमी होत गेल्या. देव टाकून देणार नाही, एवढा भरवसा असेल तरच माणूस आपलं खरं तोंड दाखवतो. नियमानं त्याला खोटं बोलायला शिकवलं होतं, कृपेनं खरं बोलायला लावलं. शिस्त आली ती त्यानंतर. माझ्या मते हा वाद तिथेच संपतो.

म्हणून घरातल्या नेतृत्वाची माझी व्याख्या साधी आहे. जो आधी नमतो, तो पुढारी. भांडणानंतर जो आधी “माझं चुकलं” म्हणतो, तो. योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, ते आपण प्रभू आणि गुरू आहोत हे विसरून नव्हे. पेत्रानं तर पतींना थेट बजावलं आहे : पत्नी ही जीवनाच्या कृपेची तुमच्या बरोबरीची वारस आहे, तिचा मान राखा, नाहीतर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल. आपल्या प्रार्थना ऐकल्या जात नाहीत म्हणून एक वडील माझ्याकडे आले होते. मी विचारलं, पत्नीशी शेवटचं कधी बोललात? महिना झाला होता. मी त्यांच्यासोबत प्रार्थना केली नाही, त्यांना घरी पाठवलं. ते रागावून गेले. पुढच्या प्रभुभोजनाला दोघं एकत्र पुढे आले.

लेखकमित्रहो, काम आपल्यापुढे आहे. आपल्या आज्यांच्या, बायबलबाईंच्या, पाळकीणबाईंच्या आठवणी ज्या त्या जिल्ह्यातल्या कोणीतरी लिहून घ्यायला हव्यात; कोणी, कसं, ते एकत्र बसून ठरवू. लग्नाआधीच्या समुपदेशनासाठी मराठी मातीतलं एक पुस्तक हवं. ‘स्मृतिचित्रे’ आणि रमाबाईंचं लेखन पाळकांच्या प्रशिक्षणात यावं, यासाठी कुणाशी बोलायचं तेही पाहू. साहित्याचा आढावा राहिला. तो माझ्याहून तरुण कोणी घेईल.

पण एक गोष्ट मात्र पुढे ढकलण्यासारखी नाही. येत्या लग्नसराईत तुमच्यापैकी अनेक पाळक विवाहविधी चालवतील. इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडाल तर एकविसाव्यापासून तेहतिसाव्यापर्यंत वाचा, सलग, नवरदेवाच्या डोळ्यांत पाहून. संपूर्ण वाचायला वेळ नसेल, तर तो भाग अजिबात वाचू नका. अर्धं वचन हातात घेऊन कोणत्याही मुलीला संसारात पाठवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

जय ख्रिस्त.