इतर हक्कांचा रकाना



आज कायद्याची पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी बरेच जण तालुक्याच्या गावी, मराठी शाळेत शिकलेले आहात. सॉलिसिटर म्हटलं की मुंबईच्या फोर्टमधली ऑफिसं आणि फाडफाड इंग्रजी डोळ्यांपुढे येतं, आणि ही वाट आपली नव्हे असं तुम्ही मनोमन ठरवून टाकता. ते खोडून काढायलाच मी आले आहे.

वाट तशी सरळ आहे. सनद घ्यायची, बार परीक्षा उत्तीर्ण व्हायचं. सॉलिसिटरकडे तीन वर्षं आर्टिकलशिप करायची आणि बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा द्यायची. पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडला सॉलिसिटरने ब्रीफ तयार करायचं आणि काउन्सेलने युक्तिवाद करायचा, अशी कायद्यानेच विभागणी होती. १९७६ च्या दुरुस्तीने ती गेली. आज सनद असलेला कोणीही हे काम करू शकतो. तरीही आर्टिकलशिप करा, कारण कागद वाचायचा कसा, हे तिथेच कळतं.

समजा, अशिलाला भिवंडीजवळ जमीन घ्यायची आहे. टायटल तपासायला तुम्ही दुय्यम निबंधकाकडे तीस वर्षांचा सर्च घेता. नोंदी स्वच्छ. मग सातबारा आणि त्यावरचे जुने फेरफार काढता. १९७४ च्या फेरफारात वडील वारल्याची नोंद आहे: मुलगे कब्जेदार, दोन मुली 'इतर हक्कात'. दोन वर्षांनी दुसरा फेरफार. बहिणींनी तलाठ्यापुढे जबाब दिला, हिस्सा नको म्हणाल्या, नावं कमी झाली. इंग्रजी गोषवाऱ्यात याचं एवढंच उरतं की नावं वगळली. मूळ नोंद वाचणारा मात्र थबकतो. नोंदणीकृत हक्कसोडपत्र कुठे आहे? नुसत्या जबाबाने स्थावरातला हिस्सा सुटत नाही, १९०८ चा नोंदणी कायदा आड येतो. म्हणजे त्या दोघींतली, समजा मुरबाडला दिलेली बहीण, किंवा तिची मुलं, आजही हिस्सेदार असू शकतात. त्यांना आत्ताच शोधून काढायचं, खरेदीखतावर त्यांची सही घ्यायची आणि त्यांच्या हिश्श्याचे पैसे त्यांच्याच हातात पडतील असं पाहायचं. अशील घाई करेल, दलाल वैतागेल. तरी हटू नका. त्या बाईच्या बाजूने व्यवहाराच्या टेबलाशी बहुधा कोणीच बसलेलं नसतं.

ही नजर तुमच्यातल्या अनेकांना घरातूनच मिळाली आहे. आणेवारी, पोटहिस्सा, कूळ हे शब्द तुम्ही जेवताना ऐकलेत, भाऊबंदकीच्या तारखांना आजोबांबरोबर गेलात. इंग्रजी ड्राफ्टिंगला मेहनत पडेल, ती घ्यावीच लागेल. पण रोज एक करारनामा हाताने उतरवून काढलात तर ते दोन वर्षांत जमतं. फेरफारामागचं घर ओळखायला त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो. आणि मुंबईबाहेर जन्मलेल्यांना ही वाट नवी नाही: मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झालेले बाळासाहेब खेर सॉलिसिटर होते, आणि त्यांचा जन्म रत्नागिरीचा.

आर्टिकलशिपसाठी ऑफिस निवडताना नावाच्या पाटीवर जाऊ नका. पहिल्याच भेटीत विचारा, मला सर्चला पाठवाल का, माझा मसुदा तुम्ही स्वतः दुरुस्त कराल का? स्टायपेंड किती, हेही न लाजता विचारा. मुंबईत खोलीचं भाडं द्यायचं असतं. आणि निकाल ते नोकरी यांमधल्या महिन्यांत मोडी शिकून घ्या. जुने दस्त मोडीत आहेत आणि ते वाचणारे वकील फार थोडे उरले आहेत.