अंधार कोणाच्या वाट्याला?



वारा केव्हा सुटेल आणि कोणत्या डोंगरावर ठिणगी पडेल, हे कोणीही निश्चित सांगू शकत नाही. परंतु त्या अनिश्चिततेची किंमत कोणी मोजावयाची, हा प्रश्न निसर्गाचा नाही. तो समाजव्यवस्थेचा आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचा अनुभव हेच सांगतो.

८ नोव्हेंबर २०१८ रोजी तेथील पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या खासगी कंपनीच्या विजेच्या मनोऱ्यावरील, जवळजवळ शंभर वर्षांचा झिजलेला लोखंडी आकडा तुटला. तार सुटली, ठिणग्या वाळक्या गवतात पडल्या. त्या वणव्यात पॅरडाइज हे गाव बेचिराख झाले. ८५ माणसे दगावली. २०२० साली कंपनीने मनुष्यवधाचे ८४ गुन्हे न्यायालयात कबूल केले. शिक्षा झाली ती सुमारे ३५ लाख डॉलर दंडाची. कंपनीला तुरुंगात धाडता येत नाही!

त्याआधीच, ऑक्टोबर २०१९ मध्ये, कोरड्या वादळी वाऱ्याचा अंदाज येताच याच कंपनीने सात लाखांहून अधिक ग्राहकांची वीज आगाऊ तोडली. वारा निवळला तरी वाहिन्या तपासल्यावाचून वीज पुन्हा सोडता येत नाही. ज्याच्या दारी जनित्र होते त्याचे निभावले. प्राणवायूच्या यंत्रावर जगणारा रुग्ण, विहिरीच्या पंपावर विसंबलेले कुटुंब आणि रोजंदारीवरचा मजूर यांनी काय करावयाचे होते? आगीचा धोका कंपनीच्या हिशेबातून उतरला आणि अंधाराच्या रूपाने दुबळ्यांच्या माथी आला.

म्हणून वीज तोडणेच चूक, असे म्हणणे मात्र उथळपणाचे ठरेल. ऑगस्ट २०२३ मध्ये हवाई बेटांवरील लाहायना येथे वादळी वाऱ्यात वीज आगाऊ तोडण्याची योजनाच नव्हती. पडलेल्या तारेत पुन्हा वीज सोडली गेली, आग पेटली आणि शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली.

केवळ राष्ट्रीयीकरणाची घोषणाही येथे पुरेशी नाही. वारा मालकी विचारीत नाही, आणि सरकारी तारही देखभालीवाचून झिजतेच. खरी मागणी आहे ती अशी: जुन्या वाहिन्यांची तपासणी जनतेसमोर उघड व्हावी, वीज कोणत्या कसोटीवर तोडावयाची हे लोकप्रतिनिधींसमक्ष आधीच ठरावे, आणि तोडण्यापूर्वी रुग्णांच्या घरी पर्यायी वीज पोहोचावी.

धोका अटळ असेल. त्याची अन्याय्य वाटणी अटळ नाही.