मधुमेही मूल आणि शिक्षकाची दृष्टी



एखादा विद्यार्थी तासातासाला लघुशंकेस जाण्याची परवानगी मागू लागतो, वारंवार पाण्याच्या माठाकडे धावतो आणि वर्गात पेंगतो. शिक्षकाच्या मनात पहिली शंका येते ती कामचुकारपणाची. परंतु तोच विद्यार्थी पोटभर जेवूनही दिवसेंदिवस वाळत असेल, किंवा मोठा झाल्यावर पुन्हा अंथरूण ओले करू लागला असेल, तर त्याला शिक्षेची नव्हे, रक्ततपासणीची गरज आहे.

मधुमेह केवळ प्रौढांनाच होतो, ही समजूत चुकीची होय. बालकांत बहुधा पहिल्या प्रकारचा मधुमेह आढळतो. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. हा रोग गोड खाल्ल्याने जडत नाही व एकापासून दुसऱ्यास लागतही नाही.

बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्तावरून साखरेचे प्रमाण तत्काळ कळते. वरील लक्षणांसह ते १०० मिलिलिटरमागे २०० मिलिग्रॅम किंवा अधिक आढळल्यास मधुमेह समजावा. ओकारी, पोटदुखी, धाप वा गुंगी दिसल्यास मुलास त्याच घटकेस रुग्णालयात न्यावे. एका दिवसाचा विलंबही प्राणघातक ठरू शकतो.

पूर्वी या रोगावर उपाय नव्हता. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मरणासन्न मुलास इन्सुलिन टोचण्यात आले आणि तो पुढे १३ वर्षे जगला. आज नियमित इन्सुलिन घेणारे मूल शिकते, खेळते व दीर्घायुषी होते. मात्र गंडेदोरे वा झाडपाल्यापायी इन्सुलिन बंद करणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण होय, हे पालकांस समजावून सांगावे.

अशा मुलास वेळेवर खाऊ द्यावे, उपवास करू देऊ नये; पाणी व लघुशंका यांस आडकाठी नसावी. इन्सुलिननंतर जेवण चुकल्यास किंवा खेळ अधिक झाल्यास साखर एकदम उतरते. घाम, थरथर, चिडचिड वा गोंधळ दिसताच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी; पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा द्यावी व नंतर काही खावयास द्यावे. मुलास एकटे सोडू नये. शुद्ध हरपल्यास तोंडात काहीही न घालता कुशीवर निजवून रुग्णालयात न्यावे. यासाठी टेबलाच्या खणात साखरेची पुडी सदैव असावी.

हजेरी घेताना शिक्षकाची दृष्टी प्रत्येक चेहऱ्यावरून रोज फिरते. ती क्षणभर अधिक थांबली, तर एखाद्या घरचा दिवा विझण्यापासून वाचेल.