ओळख न सांगता हक्क : किल्ली कोणाच्या हाती?

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर कोणतेही संकेतस्थळ उघडले की पहिला प्रश्न येतो तो ‘तुम्ही कोण?’ हा. वर्तमानपत्र वाचावयाचे असो, नोकरीचा अर्ज भरावयाचा असो की एखाद्या चर्चेत मत मांडावयाचे असो, दारातच नाव, मोबाइल क्रमांक आणि ओटीपी यांची मागणी होते. ती टाळावयाची तर गूगल किंवा फेसबुकच्या खात्याने आत जाण्याची सोय असते. ही सोय फुकट दिसते. परंतु कोणता माणूस कोणत्या वेळी कोणत्या दारातून आत गेला, याची नोंद त्या कंपनीच्या हाती पडते, आणि माणसांविषयीच्या नोंदी हेच या कंपन्यांच्या जाहिरात-व्यवसायाचे भांडवल आहे. जमीनदार जमीन कसू देण्याबद्दल खंड घेई. येथे दारातून आत सोडण्याबद्दल तो घेतला जातो, एवढाच फरक.

या व्यवस्थेला पर्याय म्हणून ब्लॉकचेन वॉलेटने लॉगिन करण्याची पद्धत पुढे आली आहे. तिचा विचार समाजवाद्यांनी गांभीर्याने केला पाहिजे; कारण तिच्यात एक मोलाची शक्यता आहे आणि तितकीच मोठी फसगतही आहे.

प्रथम तिची रीत समजून घेणे अवश्य आहे. नाव वॉलेट, म्हणजे पाकीट, असले तरी त्यात पैसे नसतात. असतात त्या किल्ल्या. खासगी किल्ली म्हणजे एक प्रचंड गुप्त संख्या. तिच्यापासून गणिताने दुसरी, सार्वजनिक किल्ली काढता येते. उलट सार्वजनिक किल्लीवरून खासगी किल्ली शोधून काढणे व्यवहारात अशक्य असते. सार्वजनिक किल्लीच्या या विचाराचा पाया व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली घातला. लॉगिनच्या वेळी संकेतस्थळ एक नवा मजकूर पुढे करते, वॉलेट त्यावर खासगी किल्लीने सही करते, आणि संकेतस्थळ ती सही वॉलेटच्या पत्त्याशी ताडून पाहते. किल्ली धन्याचा हात सोडत नाही. नाव, फोन क्रमांक, पासवर्ड यांपैकी काहीच द्यावे लागत नाही. केवळ सही तपासावयाची असल्याने अशा साध्या लॉगिनची नोंद ब्लॉकचेनवर करावी लागत नाही आणि त्याचे शुल्कही पडत नाही. २०१५ साली सुरू झालेल्या इथेरियम या ब्लॉकचेनच्या वॉलेटांसाठी या पद्धतीचा सामाईक मसुदा २०२१ साली मांडला गेला.

चळवळीतील अनेकांना हा सट्टेबाजांचा खेळ वाटतो. आभासी नाण्यांच्या सट्ट्याविषयी ही भावना योग्यच आहे. परंतु ‘ज्याला लपवावयाचे असते त्यालाच निनावी राहावेसे वाटते’ असे म्हणणे म्हणजे मालकवर्गाची भाषा उसनी घेणे होय. ब्रिटनमध्ये २००९ साली माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने ‘कन्सल्टिंग असोसिएशन’ या संस्थेवर छापा घातला, तेव्हा बांधकाम व्यवसायातील ३,२०० हून अधिक कामगारांची गुप्त टिपणे हाती लागली. कोण कामगार संघटनेत पुढाकार घेतो, कोणी कामाच्या जागेवरील धोक्यांविषयी तक्रार केली, अशा नोंदी त्यांत होत्या. आणि मोठमोठ्या बांधकाम कंपन्या पैसे मोजून त्या पाहत असत. एका नोंदीने माणसाचे काम वर्षानुवर्षे बंद होई, आणि ते का, हे त्याला कळतही नसे. ही टिपणे बव्हंशी कागदावर होती. आज तेच काम संगणक क्षणात करू शकतो. निनावीपणाची गरज धनिकाआधी श्रमिकाला आहे.

लोकशाहीने हे तत्त्व फार पूर्वी ओळखले. ब्रिटनमध्ये १८७२ च्या कायद्याने गुप्त मतदान आले. तोवर कुळाला जमीनदारादेखत उघडपणे मत सांगावे लागे. आजच्या मतदान केंद्रावर दोन कामे किती काटेकोरपणे वेगळी ठेवली जातात ते पाहावे. मेजाशी यादीतील नाव तपासले जाते आणि बोटाला शाई लागते; तेथे पात्रता सिद्ध होते. मग आडोशामागे मत पडते; तेथे ओळख संपते. मतदार खरा आहे हे राज्याला कळते, परंतु त्याने कोणाला मत दिले हे कळत नाही. पात्रता सिद्ध व्हावी, पण त्यापुढील कृती व्यक्तीच्या नावाशी जोडली जाऊ नये, हे ते तत्त्व. डिजिटल ओळखीची प्रत्येक योजना याच कसोटीवर घासून पाहिली पाहिजे.

या कसोटीवर ब्लॉकचेन वॉलेट कितपत उतरते? त्यात तीन उणिवा दिसतात.

पहिली उणीव अशी की, ते म्हणावे तितके निनावी नाही. इथेरियम किंवा बिटकॉइनची खातेवही जगाला उघडी असते. पत्त्यावर नाव नसते हे खरे. परंतु त्या पत्त्यावरील जमा, खर्च आणि शिल्लक कोणालाही वाचता येते. व्यवहारासाठी वापरलेल्याच पत्त्याने लॉगिन केले, तर दारावर नाव सांगितले नाही तरी पासबुक उघडे करून दाखविल्यासारखे होते. एकदा कोठेही त्या पत्त्याशी माणसाचे नाव जुळले की मागचा सारा इतिहास त्याच्या नावे लागतो. २०२१ साली अमेरिकेतील कोलोनियल पाइपलाइन कंपनीकडून उकळलेल्या ७५ बिटकॉइनच्या खंडणीपैकी ६३.७ बिटकॉइन तेथील सरकारने माग काढून जप्त केले. खंडणीखोर सापळ्यात आले याचे दुःख करण्याचे कारण नाही; पण ज्या वाटेने खंडणीखोर सापडतो, त्याच वाटेने संपाला वर्गणी देणाराही सापडतो. प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळा पत्ता ठेवणे हा यावरील उपाय आहे. मात्र ती सावधगिरी जाणकाराला साधते, सामान्याला नाही.

दुसरी उणीव मालमत्तेच्या कल्पनेत आहे. या व्यवस्थेत किल्ली ज्याच्या हाती तोच धनी. किल्ली परत मिळविण्यासाठी बहुतेक वॉलेटांत १२ किंवा २४ शब्दांची एक मालिका दिलेली असते. ती हरवली तर ओळख गेली. चोरीस गेली तर चोरच धनी ठरला. दाद मागावयास कार्यालय नाही, तक्रार ऐकावयास अधिकारी नाही. न समजणाऱ्या मजकुरावर फसवून सही घेतली गेली तरी गणित ती ग्राह्यच धरते. कोऱ्या कागदावरच्या अंगठ्याने महाराष्ट्रातील किती कुळांच्या जमिनी सावकाराच्या घशात गेल्या, हे येथे सांगावयास नको. ज्या घरात चार माणसांत एक मोबाइल आहे आणि ऊसतोडीसाठी ज्याचे बिऱ्हाड वर्षातील अर्धा काळ फडावर असते, त्या घराला ‘तुझी किल्ली तूच सांभाळ’ असे सांगणे हे स्वातंत्र्य नव्हे. ते जबाबदारी झटकणे आहे.

तिसरी उणीव विकेंद्रीकरणाच्या दाव्यात आहे. विकेंद्रीकरण हा शब्द समाजवाद्यांना नवा नाही. डॉ. राममनोहर लोहिया यांनी गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चौखंबा राज्याची कल्पना मांडली, तीत सत्तेची वाटणी माणसांमध्ये व्हावयाची होती. ब्लॉकचेनमध्ये वहीच्या प्रती पुष्कळ असतात, पण सत्तेची वाटणी कोणात होते? सप्टेंबर २०२२ पासून इथेरियमवर व्यवहार प्रमाणित करण्याचा अधिकार गुंतविलेल्या नाण्यांच्या प्रमाणात मिळतो, आणि स्वतंत्रपणे ते काम करावयाचे तर किमान ३२ ईथर अडकवून ठेवावे लागतात. म्हणजे एक माणूस, एक मत नव्हे. जितकी नाणी तितके वजन. जुन्या मालमत्ताधिष्ठित मताधिकाराचेच हे नवे रूप आहे.

यातून आणखी एक अडचण उद्भवते. एक माणूस हजार पत्ते काढू शकतो. वाचनासाठी वा चर्चेसाठी ते चालेल. मतदान किंवा शिधा यांसाठी चालणार नाही. ही अडचण सोडविण्याच्या नावाखाली वर्ल्डकॉइन हा खासगी प्रकल्प २०२३ च्या जुलैमध्ये जगभर सुरू झाला. यंत्रासमोर डोळा धरावा, बुबुळाची प्रतिमा द्यावी, आणि त्या बदल्यात ‘हा एकमेव माणूस आहे’ असे प्रमाणपत्र मिळावे; ते दाखवून नाव न सांगता कोठेही लॉगिन करता यावे, अशी ही योजना. जोडीला आभासी नाणीही देण्यात आली. केनियात लोकांनी त्यासाठी रांगा लावल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये तेथील सरकारने नोंदणी थांबविली, आणि २०२५ साली तेथील उच्च न्यायालयाने गोळा केलेली जैविक माहिती नष्ट करण्याचा आदेश दिला. गरिबाचे बुबुळ मूठभर नाण्यांना विकत घेणारी निनावी ओळख ही कोणाची मुक्ती म्हणावयाची?

भारताने दुसरे टोक गाठले आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला. येथे एकमेव माणूस ओळखण्याचा प्रश्न राज्याने सोडविला, पण पात्रता आणि ओळख यांमधील भिंत पाडून. श्रमाने बोटांच्या रेषा झिजलेल्या मजुराचा ठसा जुळला नाही की त्याचा शिधा अडतो. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०१८ साली खासगी कंपन्यांच्या आधार-वापरास त्याच न्यायालयाने आळा घातला. पुढे २०१९ ची कायदादुरुस्ती आणि २०२५ चे नियम यांनी ते दार पुन्हा किलकिले केले. याच काळात, २०१८ पासून १५ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायालयाने ती योजना रद्द करेपर्यंत, निवडणूक रोख्यांतून पक्षांना पैसा देणारा धनिक जनतेसमोर निनावी होता. शिधा घेणारा अंगठ्यानिशी नोंदलेला आणि पक्ष पोसणारा पडद्याआड: हा क्रम उलटा करणे हेच समाजवाद्यांचे काम आहे. सत्ता आणि संपत्ती यांना पारदर्शकता, सामान्य नागरिकाला आडोसा.

ब्लॉकचेनने महाराष्ट्रातही पाऊल टाकले आहे. २०२२ साली गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे सुमारे ६५ हजार जातीचे दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनच्या आधारे पडताळता येतील असे देण्याचा प्रकल्प हाती घेतला गेला. बनावट दाखला ओळखण्यास याचा उपयोग आहे. परंतु आदिवासींचा मुख्य झगडा मिळालेला दाखला खरा ठरविण्याचा नसून तो मिळविण्याचा आहे. १९५० सालच्या वास्तव्याचा कागद ज्याच्या घरात नाही, त्याला कोणतीही साखळी तो देऊ शकत नाही. वहीत जे लिहिले जाते तेच ती पक्के करते, वगळलेल्याचे वगळणेही.

मग मार्ग कोणता? पात्रता सिद्ध करूनही नाव झाकून ठेवण्याचे गणित ब्लॉकचेनहून जुने आहे. डेव्हिड चॉम यांनी १९८५ सालीच अशी रचना मांडली होती की, माणसाने प्रत्येक संस्थेकडे वेगळे टोपणनाव वापरावे, आणि एका संस्थेचे प्रमाणपत्र दुसरीकडे दाखविताना दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत हे कोणालाही जुळविता येऊ नये. ‘वय १८ पूर्ण’ एवढेच दाखवावे, जन्मतारीख नाही. ‘शिधापत्रिकाधारक’ एवढेच दाखवावे, जात वा पत्ता नाही. प्रश्न एवढाच उरतो की, हे प्रमाणपत्र देणारा कोण?

स्वित्झर्लंडच्या जनतेने या प्रश्नाचे उत्तर मतपेटीतून दिले. ७ मार्च २०२१ रोजी खासगी कंपन्यांनी डिजिटल ओळखपत्र द्यावे असा कायदा ६४.४ टक्के मतदारांनी फेटाळला. त्यानंतर सरकारनेच दिलेले, ऐच्छिक आणि विनामूल्य, माहिती नागरिकाच्याच फोनमध्ये ठेवणारे ओळखपत्र पुढे आले, तेव्हा २८ सप्टेंबर २०२५ रोजी ते ५०.४ टक्क्यांनी, अगदी थोड्या फरकाने, मंजूर झाले. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्यानेही प्रत्येक सदस्य देशाने २०२६ संपेपर्यंत नागरिकांना डिजिटल वॉलेट उपलब्ध करून द्यावे असे बंधन घातले आहे. ते ऐच्छिक असावे, न घेणाऱ्याचे नुकसान होऊ नये, हवी तेवढीच माहिती दाखविता यावी आणि टोपणनाव वापरता यावे, या अटींसह. म्हणजे वॉलेट असू शकते, किल्लीही नागरिकाच्या हाती राहू शकते, आणि तरीही त्यामागे दाद देणारी, निवडणुकीने बदलता येणारी सार्वजनिक संस्था उभी राहू शकते.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी यातून निश्चित मागण्या बांधावयास हव्यात. ज्या सेवेला नाव लागत नाही तिने नाव विचारू नये. पात्रता लागते तेथे पात्रतेपुरताच पुरावा मागावा. डिजिटल ओळख नसल्याने कोणाचाही शिधा, मजुरी वा शिक्षण अडू नये, आणि कागदाचा मार्ग कायम खुला असावा. किल्ली हरवलेल्याला किंवा ठसा न जुळणाऱ्याला ठरलेल्या मुदतीत दाद देणारा, नाव आणि हुद्दा असलेला अधिकारी तालुक्याच्या ठिकाणी असावा. या व्यवस्थेची संगणकीय आज्ञावली जनतेला तपासण्यासाठी खुली असावी. आणि कामगार संघटनांचे सभासदत्व, वर्गणी व चर्चा यांच्या नोंदी मालकाच्या वा सरकारच्या ओळख-व्यवस्थेशी जोडण्यास कायद्याने मनाई असावी.

यांपैकी शेवटच्या मागणीसाठी कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. प्रत्येक शाखेने आणि संघटनेने आपल्या सभासदांची यादी कोणत्या कंपनीच्या संगणकावर आहे, ती कोणाला दिसते आणि सभासद होताना किती अनावश्यक माहिती मागितली जाते, हे या महिन्यातच तपासावे. जे राज्याकडे मागावयाचे, त्याचा आरंभ स्वतःच्या दप्तरापासून व्हावा.