वास नाही, पण हात थरथरतो

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आम्ही काही वक्ते नव्हे. बल्लारपुरात पेपर मिलमध्ये तीस वर्षे पाळ्या केल्या. जे शिकलो ते पाळी संपल्यावर वाचनालयात बसून. मिलमध्ये चालू रोलरजवळ हात थरथरणारा माणूस कोणी उभा करत नाही, सुपरवायझर लगेच बाजूला घेतो. तोच माणूस रस्त्यावर कोळशाचा टिप्पर घेऊन निघाला तर त्याला कोणी अडवत नाही. आज त्याच्याविषयी बोलायचे आहे.

२०२२ सालची गोष्ट. १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जायला वस्तीने जीप ठरवली. ड्रायव्हर आपल्याच वस्तीतला पोरगा. रोज पिणारा. पण त्या सकाळी आंघोळ करून, पांढरे कपडे घालून आला. तोंडाला वास नाही. दीक्षाभूमीवर जायचे म्हणून आदल्या दिवशी दुपारपासून थेंब घेतला नव्हता. बायाबापड्यांनी कौतुक केले, आम्हीही केले. मात्र किल्ली लावताना त्याचा हात असा थरथरत होता की किल्ली लवकर लागेना. शर्ट घामाने ओला. आम्ही म्हटले, रात्री झोप झाली नसेल बाप्पा. आणि बसलो. विसापूरच्या अलीकडे त्याने गाडी कडेला घेतली, ब्रेक दाबला, अन् स्टिअरिंगवरच त्याला फिट आली. आत चौदा माणसे होती, त्यात चार लेकरे.

नंतर डॉक्टरांनी समजावले. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली की काही तासांतच हात कापतात, घाम फुटतो. पहिल्या एक-दोन दिवसांत झटकेही येऊ शकतात. त्यानंतर काहींना भ्रम होतो, नसलेली माणसे दिसतात, उपचार नाही मिळाला तर जीवही जातो. म्हणून अशाने दारू सोडायची ती दवाखान्याच्या देखरेखीखाली. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी त्याचे तोंड हुंगले, हाताकडे कोणी पाहिले नाही.

कायद्याचेही बरेचसे असेच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १८५ आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघाले की गुन्हा. पोलीस फुंकायला लावतात ते याच्यासाठी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार दंड, किंवा दोन्ही. शिवाय कोर्टाने निदान सहा महिने लायसन्स बंद ठेवायचे. हे ठीकच आहे. पण यंत्र त्या घटकेची दारू मोजते, माणसाचे व्यसन मोजत नाही. आमच्या त्या पोराने त्या सकाळी फुंकले असते तर बहुधा पास झाला असता.

त्याच कायद्याची दुसरी कलमे फारसे कोणी वाचत नाही. कलम १९ प्रमाणे जो सराईत दारुडा आहे त्याचे लायसन्स आरटीओ रद्द करू शकतो. कलम १८६ म्हणते, आपल्या आजारामुळे लोकांना धोका आहे हे ठाऊक असून गाडी चालवली तर तोही गुन्हा. लायसन्सच्या अर्जासोबत फॉर्म नंबर १ असतो, तो आपला आपण भरायचा. फिट येते काय, चक्कर येते काय, आणि शेवटी विचारतात की लोकांना धोका होईल असा दुसरा काही आजार आहे काय. दारूचे व्यसन हा आजारच आहे. पण तिथे 'होय' लिहिणारा आम्ही अजून पाहिला नाही. एजंट सगळीकडे 'नाही' करून मोकळा होतो.

काही गाडीमालकांचा इलाज आणखी भारी. सकाळी ड्रायव्हरचा हात थरथरला की म्हणतात, घे थोडीशी, हात स्थिर होईल, अन् निघ. म्हणजे प्यायला तर कलमात सापडतो, नाही प्यायला तर गाडी धरवत नाही. मालकांनी कलम १८८ वाचावे. अशा गुन्ह्याला चिथावणी देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे.

आपल्या भागात यात भूगोलही आडवा येतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. डॉ. अभय बंग, राणी बंग आणि गावोगावच्या लोकांनी लढून आणलेली. चंद्रपुरात श्रमिक एल्गारच्या बाया २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या विधानसभेवर पायी गेल्या, मग १ एप्रिल २०१५ ला बंदी आली, अन् २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने ती उठवली. बंदी होती तेव्हा आपले लोक वर्धा नदी ओलांडून वणीकडे जात. आता गडचिरोलीचा माणूस वैनगंगेच्या पुलावरून अलीकडे व्याहाडकडे येतो. पिणे या तीरावर, घर त्या तीरावर, आणि मधला रस्ता मोटरसायकलवर, अंधारात, समोरून सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक. आम्ही बंदीच्या बाजूचेच आहोत. पण परतीच्या रस्त्याचा विचार आम्हीही कधी केला नव्हता, हे कबूल करतो.

पाचवे शील आपण विहारात म्हणतो, त्यात कारण दिले आहे ते प्रमाद, म्हणजे गाफीलपणा. गाफील एकटा पिणाराच नसतो.

तो पोरगा पंधरा दिवस दवाखान्यात होता. घरी बायको, म्हातारी, दोन लेकरे. वस्ती दवाखान्यात भेटायला गेली, पण चूल कशी पेटते हे पहिल्या आठवड्यात कोणी विचारले नाही. मग बचतगटाच्या बायांनी धान्य दिले. आम्ही ओळखीने त्याला गोदामात हमालीचे काम लावून दिले. ड्रायव्हरकीपेक्षा पैसा कमी, त्याला लाजही वाटे. पोळ्याला पुन्हा प्याला, पुन्हा दवाखाना. तेव्हा वस्तीतले निम्मे लोक म्हणाले, आता सोडा त्याचा नाद. त्याची आई नाही म्हणाली.

तेव्हापासून त्याने घेतली नाही. लायसन्स आईच्या पेटीत, लुगड्याखाली. मागच्या महिन्यात त्याने मागितले. म्हातारी आमच्याकडे आली, म्हणाली, दादा, देऊ काय? आम्हाला उत्तर देता आले नाही. म्हटले, हे डॉक्टरने सांगावे. येत्या सोमवारी तिघेही जाणार आहोत.